उद्या ही जमीन तुमच्याकडून कोण घेईल?

पत्र : नमस्कार. मी डोंबिवलीत राहते, शाळेत शिकवते. यजमान फेब्रुवारीत निवृत्त झाले. फंड, ग्रॅच्युइटी मिळून पंचावन्न लाखांच्या आसपास रक्कम हातात आहे. त्यांना कोकणाची फार ओढ. दापोली तालुक्यात एका एजंटने वीस गुंठ्यांचा ‘फार्महाऊस प्लॉट’ दाखवला. गुंठ्याला सव्वादोन लाख, म्हणजे पंचेचाळीस लाख. समुद्र ९०० मीटरवर, सागरी महामार्गाला लागून, पाच वर्षांत दुप्पट, असं पत्रकात छापलंय. सातबाऱ्यावर चौदा नावं आहेत. तिघांचं कुलमुखत्यारपत्र एजंटकडे आहे आणि बाकीचे ‘घरचेच’ आहेत म्हणे. खरेदीखतात पंधरा लाख दाखवू, स्टॅम्प वाचेल, असंही तो सुचवतो. आमची शेती कऱ्हाडजवळ आहे, सासरे गेल्यापासून सातबाऱ्यावर मोठ्या दिरांचं नाव आहे. अक्षय्य तृतीयेच्या आत दोन लाख विसार द्या, नाहीतर दुसरी पार्टी तयार आहे, असा तगादा चाललाय. जानेवारीत जाऊन आलो, जागा फार सुंदर आहे. भाव बरोबर आहे का आणि पुढे वाढेल का, एवढंच सांगा.
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, ‘एवढंच’ म्हणून तुम्ही जे दोन प्रश्न विचारलेत, त्यांची उत्तरं मिळवण्यात माझी पंचवीस वर्षं गेली. मी बँकांसाठी मालमत्तांचं मूल्यांकन करायचो. त्या कामात एक सवय लागली, ती आधी सांगतो. जागा पाहायला गेलो की मी घेणाऱ्याच्या चपला गेटबाहेर काढून ठेवायचो आणि विकणाऱ्याच्या घालायचो. कर्ज थकलं आणि ही जागा बँकेला विकायची वेळ आली, तर हिच्याकडे कोण फिरकेल? आमच्या अहवालात जागेचे तीन आकडे असायचे. एक बाजारभाव, दुसरा विकायला काढली तर प्रत्यक्ष हातात पडेल तो, आणि तिसरा घाईने, अडलेपणी विकावी लागली तर मिळेल तो. शहरातल्या चांगल्या फ्लॅटमध्ये या तीन आकड्यांत फार अंतर नसतं. कोकणातल्या सामाईक सातबाऱ्यावर ते इतकं पडतं की पहिल्या आकड्याला अर्थच उरत नाही.

आता तुमच्या वीस गुंठ्यांकडे येतो. पत्रकात ‘फार्महाऊस प्लॉट’ म्हटलंय. वीस गुंठे म्हणजे २१,७८० चौरस फूट, साधारण ०.२० हेक्टर. शेतजमिनीवर शेतघर बांधायला किमान ०.४० हेक्टर, म्हणजे जवळपास एकर जमीन लागते. जमीन महसूल संहिताही तेच सांगते आणि २०२० पासून लागू असलेली एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीही. म्हणजे ज्या नावाने हा तुकडा विकला जातोय, ते काम या तुकड्यावर होतच नाही! मग वीसच गुंठे कुठून आले? ऑगस्ट २०२३ मध्ये तुकडेबंदी कायद्याखालचं प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे खरेदीखत नोंदवायला लागणारी किमान जमीन, बहुतेक जिल्ह्यांत बदललं, जिरायतीला वीस गुंठे आणि बागायतीला दहा. खरेदीखत नोंदवता यावं एवढ्याच हिशोबाने हे तुकडे पाडलेले असतात. घर बांधता यावं हा त्यामागचा हिशोब नसतो. खरेदीखत होईल, सातबाऱ्यावर नावही चढेल, आणि मग तुम्ही नकाशा घेऊन परवानगीला गेलात की शहाण्यासारखे परत याल. एजंट म्हणेल, ‘अहो, सगळे बांधतात.’ बांधतात खरं. पण विनापरवाना घरासकट जमीन विकायला काढली की पुढचा घेणारा त्या घराचे पैसे देत नाही, वर ते पाडायचा खर्च वजा करतो.

गावठाणाच्या लगतची किंवा रहिवास विभागातली जागा असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून नगररचना कार्यालयातून त्या गट नंबरचा झोन दाखला काढा. अर्ज कुणीही करू शकतो, खर्च किरकोळ असतो, आणि जागेच्या भवितव्याबद्दल त्या एका कागदाइतकं खरं कुणीही सांगत नाही. त्यावर ‘शेती विभाग’ किंवा ‘हरित पट्टा’ लिहिलेलं असेल तर तुम्ही शेतजमीन घेताय आणि तिला शेतजमिनीचाच भाव द्यायला हवा. समुद्र ९०० मीटरवर आहे म्हणजे किनारा नियमनाच्या ५०० मीटरच्या पट्ट्याबाहेर आहे, हे ठीक. पण दापोलीत खाड्याही आहेत. भरतीचं पाणी जिथवर चढतं तिथवर खाडीकाठालाही ते नियम लागतात. पत्रकात खाडीचं अंतर लिहिलेलं नाही, हे माझ्या लगेच डोळ्यांत आलं. शिवाय जागेवर दाट झाडी असेल तर सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात ‘राखीव वन’ किंवा ‘खाजगी वन’ असा शेरा आहे का ते बघा. तो असला तर पुढचं काही वाचूच नका.

भावाचं बोलू. रेडी रेकनर बघितलात असं तुम्ही लिहिलेलं नाही, पण एजंटने तो दाखवला असणार. ‘सरकारी दरच इतका आहे’ हे वाक्य गुंठ्यात विकणाऱ्यांच्या तोंडी हमखास असतं. तो दर मुद्रांक शुल्क आकारण्यासाठी आहे. गावातल्या सगळ्या जिरायतीला मिळून मोजकेच आकडे असतात, त्यात तुमचा उतार, कातळ, पाणी काहीच येत नाही. खरी चावी वेगळीच आहे. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ‘ई-सर्च’ नावाची सोय आहे. जिल्हा, तालुका, गाव, गट किंवा सर्व्हे नंबर आणि वर्ष टाकलं की त्या जमिनीच्या नोंदवलेल्या व्यवहारांची सूची क्रमांक दोन उघडते. तिच्यात सुरुवातीलाच ‘मोबदला’ आणि ‘बाजारभाव’ असे दोन आकडे असतात. दुसरा सरकारी मूल्यांकनाचा, पहिला प्रत्यक्ष ठरलेला, निदान कागदावर ठरलेला. तुमचा गट आधी बघा, मग शेजारचे दहा-बारा नंबर, गेल्या चार वर्षांचे. दोन संध्याकाळी लागतील. एजंटच्याच कुणा माणसाने तीच जमीन दोन वर्षांपूर्वी एकरावर घेतलेली तुम्हाला तिथे दिसली, तर गुंठ्याचा भाव काढून बघा. मी असे हिशोब पाहिलेत ज्यात घेतलेला आणि विकलेला भाव यांत पाच-सहा पटींचा फरक होता, आणि मधे झालेली सुधारणा म्हणजे लाल मातीचा एक रस्ता आणि एक कमान.

सूची दोनमधले आकडे खेड्यात बरेचदा दाबलेले असतात हे खरंय. कारण सगळीकडे कुणीतरी ‘स्टॅम्प वाचेल’ म्हणून सुचवत असतं. तुम्हालाही सुचवलंय. ताई, ते करू नका. काळं-पांढरं, आयकर हे सगळं आहेच, पण त्यापलीकडची गोष्ट सांगतो. उद्या व्यवहार फिसकटला, कुणा वारसाने दावा लावला, तर कोर्टात तुमचे पंधरा लाखच दिसतील, वरचे तीस कुणी दिले हे सिद्ध करायला तुमच्याकडे काही नसेल. आणि पाच वर्षांनी तुम्ही विकायला काढाल तेव्हा तुमच्यासारखंच कुणीतरी दोन संध्याकाळी सूची दोन उघडून बसेल आणि म्हणेल, ‘काकू, तुम्ही तर पंधराला घेतलीत!’

सूची बघून झाली की एक लहानसा खोटेपणा करा, मी माफ करतो. तुमच्या भावाला किंवा भाच्याला त्याच तालुक्यातल्या दोन-तीन दुसऱ्या एजंटना फोन करायला सांगा. विकत घ्यायचंय म्हणून नाही, विकायचंय म्हणून. ‘अमुक गावात वीस गुंठे आहेत, सामाईक सातबारा, समुद्र किलोमीटरभर, किती येतील?’ घेणाऱ्याला सव्वादोन लाखांच्या खाली न उतरणारे लोक विकणाऱ्याला किती सांगतात ते कान देऊन ऐका. बरेचदा आकडाच सांगत नाहीत. ‘सध्या मार्केट थंड आहे, बघू, ग्राहक आला तर कळवतो’ म्हणतात. ते ‘बघू’ म्हणजेच तुमच्या जमिनीचा तिसरा आकडा.

दुसरी युक्ती त्याहून सोपी. दोन बँकांत जा आणि याच प्लॉटवर कर्ज मागा. घ्यायचं नसलं तरी मागा. बिगरशेती, मोकळ्या नावाच्या प्लॉटवर बँका कर्ज देतात. सामाईक शेतजमिनीवर निवृत्त माणसाला हौसेसाठी द्यायला बहुतेक तयार होत नाहीत. का नाही ते अधिकाऱ्याकडून समजून घ्या आणि लिहून आणा. बँकेच्या वकिलाने फुकट केलेला तो तुमचा अभ्यास असेल. शिवाय ज्या जमिनीवर बँक कर्ज देत नाही, तिचा पुढचा ग्राहक संपूर्ण रोख रक्कम बाळगणाराच असणार. असे लोक किती असतात?

चौदा नावांची गोष्ट मी टाळत होतो, कारण तिथे पोचलो की कोकणातला माणूस दोन तास बोलतो. वाटप झालेलं नसेल तर तुम्ही जमिनीचा तुकडा घेत नाही, हिस्सा घेता. एजंटने काठी रोवून ‘हे तुमचे वीस’ म्हटलं तरी नकाशावर ती काठी कुठेच नसते. तिघांच्या मुखत्यारपत्रावर तिघांचाच हिस्सा विकता येतो. त्यातलं कुणी आज हयात नसेल तर त्याच्यापुरतं ते पत्रही संपलं. आणि ‘घरचेच’ म्हणतात त्यातले निम्मे विरार, नालासोपारा, सुरत, कुणी दुबईत. आत्यांची नावं सातबाऱ्यावर आहेत का तेही बघा. बहुतेक जुन्या उताऱ्यांत मुलींची नावं लावलीच जात नसत, पण म्हणून त्यांचा हक्क संपत नाही. सगळ्या चौदांच्या, आणि गेलेल्यांच्या वारसांच्या सह्या खरेदीखतावर हव्यात. त्या मिळत नसतील तर भाव निम्मा करून मागण्यातही अर्थ नाही. जुने फेरफार, म्हणजे नावं बदलल्याच्या नोंदी, काढून वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल घ्या. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायला लावा. इतर हक्कांत कुळाचं नाव किंवा कुळकायद्याच्या ‘कलम ४३’चा शेरा दिसला तर वकिलाला तिथे बोट ठेवून विचारा. भोगवटादार वर्ग दोन लिहिलेलं असेल तर परवानगीशिवाय हस्तांतरणच होत नाही.

तुमच्या बाजूचाही एक कागद अडतो. महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. यजमान शेतकरी आहेत, पण कागदावर आज दीर आहेत. त्यांच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ असं लिहिलेलं असेल, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. तसं असेल तर काम तुलनेने सोपं आहे, इतर वारसांची नावं लावून घेण्याचा अर्ज करा. २०२५ मध्ये शासनाने ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढली ती मयत खातेदारांच्या वारसनोंदींसाठीच. तुम्ही दापोलीचा विचार सोडला तरी हे करून घ्या. दिरांशी गोड बोलून, आत्ता, सगळे बोलत्या नात्यात आहेत तोवर.

जागा सुंदर आहे म्हणता. जानेवारीत कोकणात कुठली जागा सुंदर नसते? माझीच फजिती सांगतो. पंचवीसेक वर्षांपूर्वी, लोकांना शहाणपण शिकवत असतानाच, मी नेरळच्या आतल्या बाजूला पंधरा गुंठे घेतले. मोगऱ्याचा वास, लांबवर माथेरानचा डोंगर, बायको खूश. जुलैत पहिल्यांदा गेलो तर मधला ओढा कमरेएवढा, आणि ‘रस्ता’ म्हणून दाखवलेली वाट शेजाऱ्याच्या भातखाचरातून गेलेली. तो भला माणूस होता, कधी अडवलं नाही. पण अकरा वर्षांनी विकायला काढली तेव्हा येणारा प्रत्येक जण विचारी, ‘रस्ता नकाशावर आहे का?’ नव्हता. शेवटी एकच ग्राहक उरला, तोच शेजारी. भाव त्याने सांगितला आणि मी ऐकला.

म्हणून तुम्ही दोनदा जा. एकदा मेच्या शेवटच्या आठवड्यात, एकदा भर जुलैत. मेमध्ये एजंटला न सांगता जा आणि खालच्या वाडीत चहा प्या. विहिरीला पाणी कधीपर्यंत टिकतं, टँकर येतो का, बोअर कुणाची लागली आणि कुणाची कोरडी गेली, हे बायका सांगतात, पुरुष ‘पाणी भरपूर’ म्हणतात. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या मुलखात मेमध्ये हंड्यांची रांग लागते, कारण कातळावरचं पाणी वाहून जातं, मुरत नाही. विजेचा शेवटचा खांब कुठे आहे ते पावलं मोजून बघा. जुलैत गाडी कुठवर जाते ते बघा. उताराची जमीन असेल तर वरच्या अंगाला डोंगर कापलाय का, माती सरकल्याच्या खुणा, वाकलेली झाडं आहेत का तेही. २२ जुलै २०२१ ला तळीयेवर दरड कोसळली आणि त्याच पावसात चिपळूण बुडालं. तो पाऊस या गावाने कसा काढला, हा प्रश्न प्रत्येक घरात विचारा.

मोजणी तर हवीच. हद्दकायम मोजणीचा अर्ज जमीनमालकाने भूमी अभिलेख कार्यालयात करायचा असतो, तुम्हाला करता येत नाही. ‘आधी मोजणी करून क-प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा द्या, मग विसार’ एवढं म्हणा आणि समोरच्याचा चेहरा बघा. फी आम्ही भरतो म्हणा हवं तर. क-प्रतीत हद्दी, प्रत्यक्ष ताबा आणि आत-बाहेरची वाट दिसते, आणि वीसातले किती गुंठे नाल्यात नि पोटखराब्यात, म्हणजे लागवडीला निरुपयोगी भागात, आहेत तेही.

भाव वाढेल का? साधा हिशोब करू. पंचेचाळीस लाख बँकेत सात टक्क्यांनी ठेवले तर पाच वर्षांत त्रेसष्ट लाख होतात, झोप न उडता. म्हणजे गुंठा सव्वातीन लाखांच्या आसपास गेला तर तुम्ही जिथे होतात तिथेच असाल. मुद्रांक, कुंपणाचा चिरा, राखणदाराचा पगार धरला तर त्याच्याही मागे. ‘दुप्पट’ व्हायला दरवर्षी सलग पंधरा टक्के वाढ लागते. सागरी महामार्गाचं म्हणाल तर रेवस-रेड्डीच्या गोष्टी मी केस काळे असल्यापासून ऐकतोय. पूल आता होतायत, हे मान्य. पण मुंबई-गोवा रस्त्याच्या पनवेल-इंदापूर टप्प्याचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं आणि पुढची दहा-बारा वर्षं तिथल्या खड्ड्यांवर विनोद होत राहिले. राजापूरकडे नाणार रिफायनरीची अधिसूचना निघाली, बाहेरच्यांनी भराभर जमिनी घेतल्या, आणि २०१९ मध्ये ती अधिसूचनाच रद्द झाली. येणाऱ्या प्रकल्पाचा भाव विकणारा आजच वसूल करतो, उशीर मात्र घेणाऱ्याच्या वाट्याला येतो. आणि ‘महामार्गाला लागून’ याचा अर्थ संपादनात जाणारी जमीन असाही होऊ शकतो, आखणीचा नकाशा बघितल्याशिवाय कळत नाही.

माझं मत विचाराल तर पंचावन्नातले पंचेचाळीस एका जागेत घालायचेच नाहीत, ती जागा कितीही निर्वेध असली तरी. यजमानांची ओढ खोटी नाही, ती मारूही नका. दापोलीत वर्षभरासाठी एखादं कौलारू घर भाड्याने घ्या, पावसाळा काढा, बाजारहाट, डॉक्टर, एसटीच्या वेळा सगळं अनुभवा. त्या वर्षात गावातलीच माणसं तुम्हाला जागा दाखवतील. गावठाणाला लागून, बिगरशेतीची सनद असलेले चार-पाच गुंठे, आणि तेही कमानवाल्यांपेक्षा कमी भावात.

तरीही मन याच जागेवर अडलं असेल तर विसार पावतीत चार ओळी घालून घ्या. सर्व सहहिस्सेदारांच्या सह्या, मोजणीची क-प्रत, झोन दाखला आणि निर्वेध शोध अहवाल यांतलं काहीही नव्वद दिवसांत मिळालं नाही तर रक्कम परत. रक्कम दोन लाख नको, पंचवीस हजार, आणि चेकने, सातबाऱ्यावर नाव असलेल्या माणसाला. एजंट म्हणेल दुसरी पार्टी तयार आहे. असू दे. तिच्याकडून चौदा सह्या होतात का, ते आपणही बघू.

क-प्रत हाती आली तर मला जरूर कळवा, आणि तिच्यावर वाट दाखवली असेल तर तिची रुंदीही लिहा.